नऊशे रुपयांची ऊब

गॅस गिझर बाहेर गॅलरीत बसवायचा, तर पाइपाचे नऊशे रुपये जादा पडणार होते. दिगंबरपंतांनी तो बाथरूममध्येच बसवून घेतला आणि नऊशे कसे वाचवले, ते आल्यागेल्याला ऐकवलं.

"काका, निदान खिडकी उघडी ठेवा. आत विषारी वायू साठला तर वासही येत नाही," बसवणारा म्हणाला होता.

"थंडी काय तुझ्या अंगात भरणार आहे?" म्हणत पंतांनी खिडकीवर पुठ्ठाच ठोकला.

हिवाळ्यात लेक माहेरी आली. "सासरी बादली मोजून मिळते ना? इथे हवं तेवढं न्हा गं!" पंत हसले.

तासभर पाणी वाहत राहिलं. हाकांना ओ आली नाही. दार फोडावं लागलं.

पंतांचे नऊशे वाचले ते वाचलेच. भरले लेकीने.