बुटाची गाठ

शुक्रवारी दुपारी कोर्टानं पुढची तारीख दिली आणि नवीच्या तोंडचं पाणी पळालं.

मुलांसाठीची समाजसेविका म्हणून ही तिची पहिलीच नोकरी. रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, कार्यालयात सगळे अजून तिला 'नवी'च म्हणत. आणि या नवीनं बालगृहातल्या सहा वर्षांच्या पोरीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "शुक्रवारी तू आईकडे जाणार. नक्की!"

"तिथल्या मावशींना फोन करून कळवते," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आणि हा माझा राजीनामा. मला नाही जमायचं हे, बाई."

बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. त्यांनी कागद न वाचताच घडी घालून पर्समध्ये टाकला. "राजीनामे सोमवारी. शुक्रवारी मला वाचायचा कंटाळा येतो. ऊठ, चल बघू."

"तिला तुम्ही सांगाल ना?"

"छे गं! शब्द कोणी दिला?"

गाडीत बाई एवढंच बोलल्या, "कोर्टाच्या हातातलं आपण देऊ नये. आपल्या हातातलं द्यावं. थोडंच असतं, पण असतं."

बालगृहाच्या व्हरांड्यात पोरगी बाकावर बसून होती. पायात बूट, मांडीवर पिशवी. "सकाळपासून अशीच बसलीय," मावशी म्हणाल्या, "जेवतानासुद्धा बूट काढले नाहीत." नवीनं मागे वळून पाहिलं, तर बाई दारातच थांबून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होत्या, अगदी परीक्षा असल्यासारखं.

नवी पोरीसमोर जमिनीवर बसली.

"आज नाही जायचं गं. न्यायाधीशांनी अजून ठरवलं नाहीये. मी नक्की म्हणाले ना, ते माझं चुकलं. मला माहीत नसताना म्हणाले."

पोरगी रडली नाही. पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिली. रडली असती तर बरं, असं नवीला वाटलं.

"मग पुढच्या शुक्रवारी?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. नवीनं ते गिळलं.

"घरी कधी जायचं, ते मला माहीत नाही. पण पुढच्या शुक्रवारी मी येणार. चार वाजता. जायचं असो, नसो."

"नक्की?"

"हे नक्की."

दाराकडून पर्स उघडल्याचा आणि मग कागद फाडल्याचा आवाज आला.

पोरीनं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, एक बूट काढला आणि दुसरा पाय पुढे केला.

"याची गाठ बसलीय. तू सोड."

नवी गाठ सोडवायला वाकली. डोळे भरून आलेले, गाठ काही दिसेना, सुटेना.

"सावकाश सोड, ताई," पोरगी तिला समजावत म्हणाली. "मला आज कुठं जायचंय?"