खांद्यावरचा सरडा

पंख्याच्या पात्यानं पाय मोडला तेव्हा आमचा पाळीव सरडा दुखण्यानं काळाठिक्कर पडला. डॉक्टर म्हणाले, "ऊब द्या, पाणी पाजा. हिरवा झाला की समजा वाचला." मी पडलो शिंपी, काडेपेटीच्या काडीला पाय बांधला आणि त्याला अंगातल्या काळ्या कोटाच्या खांद्यावर बसवलं. मग ड्रॉपरनं थेंबथेंब पाणी, बसल्याबसल्या डुलक्या, अंघोळीला सुट्टी. पायाला धक्का नको म्हणून कोट काढलाच नाही. सरडा मात्र काळाच. शेवटी माझा धीर सुटला. "अगं, हा काही वाचत नाही!" बायकोनं आम्हा दोघांना निरखलं आणि माझ्या खांद्यावर हिरवं अस्तर टाकून सरड्याला त्यावर ठेवलं. खोटं सांगत नाही, आधी शेपूट हिरवं झालं, मग पाठ. "तो केव्हाच बरा झालाय हो. कोट काढा नि झोपा." खांदे आखडले होते, बाह्या तिनंच ओढल्या.