स्वस्त गिटारची शिफारस

कंपनीने मोजलेल्या पैशांना जागून त्याने कॅमेऱ्यासमोर ती स्वस्त परदेशी गिटार थोपटली. “या किमतीत असं लाकूड, असा सूर! डोळे मिटून घ्या.”

कॅमेरा बंद होताच तो बायकोला म्हणाला, “माळ्यावर टाक ही. सरपण आहे नुसतं, महिन्याभरात दांडा वाकेल.”

पंधरवड्याने दारात वडील उभे. सात वर्षांपूर्वी “जन्मात कधी खरं बोलला नाहीस!” म्हणत त्यांनी त्याची गिटार आपटून फोडली होती. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं.

“कशाला आलात?” त्याने दार अर्धवटच उघडलं.

“तुझं तोंड बघायला नाही आलो.” वडिलांनी खांद्यावरची लांबलचक पिशवी त्याच्या अंगावर ढकलली. “फोडलेलीच्या बदल्यात. घे.”

त्याने चेन उघडली. आत तीच गिटार होती. दांडा आताच किंचित वाकलेला.

“दुकानदार सांगत होता, ही नका घेऊ, टिकणार नाही,” वडील गुरकावले. “त्याला म्हटलं, माझ्या पोराने व्हिडिओत सांगितलंय, तू गप्प बस.”

 

“आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय.”