सोमवारचा पहारा

हॉटेल कंपनीच्या तज्ज्ञाचा वेशीवर डकवलेला अहवाल आल्येबाईंनी उपटला आणि थेट वेसेलिंग यांच्या टेबलावर आपटला.

"वाचलंत, डॉक्टर?"

डॉ. फोल्केर्ट वेसेलिंग यांनी तो चार वेळा वाचला होता. हॉलंडमधल्या लायडन शहरातल्या या अंगणाभोवती तीनशे वर्षं बारा छोटी घरं उभी होती. त्यांत आल्येबाईंसारख्या बारा एकट्या वृद्धा राहत, आणि निवृत्त अभिलेखपाल वेसेलिंग वेशीवरच्या खोलीत राहून त्यांची कागदपत्रं सांभाळत. अंगणाची मागची भिंत पडली, की हॉटेलवाल्या कंपनीला मोटारींसाठी रस्ता मिळणार होता. रस्ता मिळाला, की बारा घरांच्या हॉटेलच्या बारा खोल्या व्हायला वर्षही लागलं नसतं. तज्ज्ञानं त्या भिंतीची वासलात एका वाक्यात लावली होती: 'ऐतिहासिक मूल्य शून्य, मळकट व तणग्रस्त.' भाडोत्री विद्वत्तेला विशेषणांची टंचाई कधी पडत नाही.

"इतिहास नाही म्हणाले, ते एक वेळ राहू द्या," आल्येबाई म्हणाल्या. "पण मळकट? आमच्या अंगणात?"

वेसेलिंग मनातल्या मनात हसले. छप्पर जायची वेळ आली होती आणि या बाईला विशेषण बोचत होतं.

आपलं खरं शस्त्र त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. हातपंपामागे, भिंतीच्या ओलसर फटींत, जिभेच्या आकाराच्या पानांचा एक नेचा, फर्नची एक दुर्मिळ जात, वाढत होता. पूर्वी तो कालव्यांच्या जुन्या बांधकामांवर असे; सिमेंट आलं आणि तो गेला, कारण त्याला जुना चुनाच लागतो. आता कायदा त्याचं रक्षण करत होता. एकदा त्याची नोंद झाली, की त्या भिंतीच्या विटेलाही कुणाला हात लावता आला नसता. बारा म्हाताऱ्यांची घरं ज्या कायद्याला दिसली नव्हती, त्याला सात पानं दिसणार होती. हेगहून सरकारी वनस्पतितज्ज्ञ टेर होर्स्ट बाई सोमवारी दहाला येणार होत्या. त्यांनी बघायचं आणि सही करायची, एवढंच उरलं होतं.

आल्येबाईंना हे सांगणं शक्य नव्हतं. त्यांचा भाचा कंपनीच्या कचेरीत होता, आणि कोणतीही गोष्ट बाईंच्या पोटात कॉफीच्या दुसऱ्या कपापर्यंत टिकत नसे. कंपनीच्या कानावर गेलं असतं, तर तणनाशकाची एक बाटली पुरली असती.

"सोमवारी हेगहून मोठ्या बाई येताहेत," ते एवढंच म्हणाले. "ती भिंत बघायला. तोवर बाहेरचं कुणीही तिच्याजवळ फिरकता कामा नये."

"हेगहून? आपली भिंत बघायला?" आल्येबाईंचा हात आपोआप एप्रनकडे गेला. "आणि हे तुम्ही शनिवारी संध्याकाळी सांगताय?"

"का? काय झालं?"

"काही नाही. बाहेरचं चिटपाखरू येणार नाही. शब्द देते."

रविवारी संध्याकाळी त्यांनी पानं पुन्हा मोजली. सात.

सोमवारी साडेसहाला ते वेशीत खुर्ची टाकून बसले. तोंड रस्त्याकडे, पाठ अंगणाकडे. दुसरी वाट नव्हती आणि दाराची किल्ली त्यांच्या खिशात होती. थोड्याच वेळात आत पंपाची दांडी कुरकुरू लागली, बादल्या वाजू लागल्या. सोमवार हा धुण्याचा वार. प्रलय सोमवारी आला असता, तर या शहरानं त्यालाही धुणं आटपेपर्यंत ताटकळत ठेवलं असतं.

साडेनऊला प्रोंक आला. कंपनीचा हा माणूस गेले दोन महिने अंगणाभोवती घिरट्या घालत होता. हातात कातडी बॅग होती.

"मोजमाप घ्यायचंय, डॉक्टर. पाच मिनिटं."

"बॅगेत काय आहे?"

"टेप."

"उघडा."

प्रोंकनं ती उघडली नाही. "एवढी पुस्तकं वाचलीत, आणि शेवटी खुर्ची दारातच?"

"पुस्तकांत हेच लिहिलंय. शहरं भिंती फुटून पडत नाहीत, आतून कुणीतरी दार उघडतं म्हणून पडतात."

प्रोंक एक पाऊल पुढे सरकला. वेसेलिंग यांनी काठी आडवी धरली. ती खाली आली नाही. मग प्रोंकनं नाक वर केलं.

"हिरवा साबण. व्हिनेगरही दिसतंय. आत जोरात चाललंय."

"सोमवार आहे."

"खरंच की. आईची आठवण झाली." तो हसला आणि पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसला. त्याला कसलीही घाई दिसेना, आणि नेमकं तेच वेसेलिंग यांना रुचलं नाही.

दहाच्या ठोक्याला टेर होर्स्ट बाई सायकलवरून उतरल्या. गळ्यात भिंग, काखेत नोंदवही.

"अजून आहे ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "गेल्या वर्षी अशाच एका भिंतीपाशी पोचले, तर आदल्या दिवशीच कुणीतरी औषध मारून ठेवलेलं."

"सात पानं," वेसेलिंग म्हणाले. किल्ली फिरवताना त्यांचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता. "साडेतीन तास या दारातून कुणीही आत गेलेलं नाही."

अंगणात दोरीवर एकही चादर नव्हती.

पंपापाशी बारा जणी बाह्या सरसावून ओळीनं उभ्या होत्या. कुणाच्या हातात ब्रश, कुणाच्या हातात बटाटे सोलायची सुरी. त्यांच्या मागे भिंत ओलीचिंब, लालबुंद, बांधली त्या दिवशी असावी तशी लखलखत होती.

आल्येबाईंनी आधी पाहुणीला मान लववली, मग अभिमानानं वेसेलिंग यांच्याकडे पाहिलं.

"आता म्हणू दे कुणाला मळकट! फट न् फट खरवडून काढलीय, डॉक्टर. औषधालासुद्धा पान शिल्लक नाही."