तिसरा खांब

मेहुण्याने चेंडू पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला, जरासा फिरवला आणि तो मागे सरकला. गोलमध्ये बाइंडर उभा होता. छापखान्याच्या सामन्यात बाइंडिंग खातं एका गोलने पुढे होतं आणि ही शेवटची पेनल्टी होती. अडवली तर चषक आपला. नाही तर बरोबरी, आणि बरोबरीत चषक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे मेहुण्याच्या मशीन खात्याकडेच राहायचा.

चेंडू सरळ येणार, यात बाइंडरला तिळमात्र शंका नव्हती. बायकोच्या भावाला तो लग्नाच्या आधीपासून ओळखत होता. जीव टांगणीला लागला की मेहुण्याला आजूबाजूचं दिसेनासं व्हायचं. कॅरमची शेवटची सोंगटी तो सरळ मारायचा. एकदा घाईत वळणावर गाडीही त्याने सरळच नेली होती, कुंपणातून.

तेव्हा करायचं एवढंच होतं. जागचं हलायचं नाही.

पण गेल्या वर्षी, पेनल्टी मारणारा दुसराच कुणी होता तेव्हा, तो हललाच नव्हता. पूर्ण विचार करून उभा राहिला, आणि चेंडू कोपऱ्यातून आत गेला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "यांच्या गोलला खांब तीन. दोन लोखंडाचे, एक पगारी." तेव्हापासून साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला खांबच म्हणत. मुलीने चित्रात बाबांचा गोल काढला, त्यालाही खांब तीन. उडी मारून गोल खाल्ला तर लोक हळहळतात. उभ्याउभ्या खाल्ला तर वर्षभर हसतात.

शिट्टी वाजली. मेहुणा धावत आला.

बाइंडरने डावीकडे झेप घेतली. झेप देखणी होती. हवेत असतानाच त्याला दिसलं, चेंडू मधोमध आला आणि तो आत्ता जिथे उभा होता तिथूनच सावकाश, जवळजवळ रांगत, आत गेला.

त्याला कुणी शब्दानेही बोललं नाही. उलट सगळ्यांनी हात देऊन उठवलं, पाठ थोपटली. "आज खांब हलला बरं का," साहेब कौतुकाने म्हणाले. कोपर चांगलंच सोललं होतं. तरी एकंदरीत दिवस तितकासा वाईट गेला नाही, असं बाइंडरला वाटायला लागलं.

मैदानाबाहेरच्या नळावर मेहुणा पाय धूत होता. चषक शेजारी ओट्यावर होता.

"तू सरळ मारणार हे मला माहीत होतं," बाइंडर म्हणाला.

"तुम्हाला माहीत असणार, हे मलाही माहीत होतं. मला दुसरं येतं कुठे?"

"आणि मी उभाच राहिलो असतो तर?"

मेहुण्याने नळ बंद केला.

"कसे राहाल, भावोजी? गेल्या वर्षी कँटीनमध्ये ते खांबाचं नाव काय मी उगाच ठेवलं होतं?"