अर्धी दाढी

"बाबा, मला सेमिनरीत जायचंय. मला फादर व्हायचंय."

वस्तरा जबड्याखाली थांबला. एक गाल साफ झाला होता, दुसऱ्यावर अजून फेस होता. मुलाने मुद्दाम हीच वेळ साधली होती. वडील न्हावी होते आणि अर्धी दाढी टाकून त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे पाठ फिरवली नव्हती. एरवी असला विषय निघाला की त्यांना नेमकी दुकानाची पाटी पुसायची आठवण व्हायची.

आज मात्र बोलणं भाग होतं. संध्याकाळी मुलीकडचे येणार होते. एकदा बोलणी पक्की झाली की तोंड उघडून उपयोग नव्हता. म्हणून तो स्वतःच खुर्चीत बसला आणि आईच्या देखत म्हणाला, "बाबा, आज माझी दाढी तुम्ही करा." वडिलांनी बरेच आढेवेढे घेतले. पण आई बघत होती. शेवटी त्यांनी एप्रनच्या खिशातून हात बाहेर काढला. आई मग पाहुण्यांच्या तयारीला आत गेली.

गेलं वर्षभर दुकानातली एकही दाढी त्याने वडिलांना करू दिली नव्हती. गिऱ्हाईक टेकतं न टेकतं तोच हा वस्तरा घेऊन हजर. "बाबांनी मशीन फिरवावी, दाढी आपली!" असं गावभर सांगत सुटायचा. लोक हसायचे. म्हाताऱ्याला पोराने कोपऱ्यात बसवलं म्हणायचे. आईला वाटलं, पोराचं दुकानात मन रमलं. तिने लगेच स्थळ शोधलं.

"कधीपासूनचं हे खूळ?" वडिलांनी विचारलं.

"दोन वर्षं टाळतोय. लोक या खुर्चीत बसतात, पोटातलं बोलतात आणि दाढी झाली की उठून जातात. मला वाटतं, त्यांनी अजून थोडं बसावं. प्रार्थनेला बसलो तरी तेच डोक्यात. ही हाक आहे बाबा, माझी खात्री झालीय."

"हाक! आणि तू गेल्यावर इथल्या दाढ्या कोण करणार?"

"ते नाही माहीत. त्यापायीच तर झोप लागत नाही."

वडील हसले. ते हसणं काही बरं नव्हतं.

"तू लोकांच्या पापांची कबुली ऐकणार? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाच्या घरात काय शिजलं ते तू चौकात जाऊन सांगतोस. रेडिओ म्हणतात तुला! तू काय कुणाचं पोटात ठेवणार?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. वस्तरा पुन्हा गळ्याशी आला. पातं थरथरत होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, संतापाने.

मुलगा तसूभरही हलला नाही. उलट मान वर करून त्याने गळा पुढे केला.

"वर्ष झालं बाबा, तुमचा हात थरथरतोय. मी कुणाला सांगितलं?"

वडिलांनी वस्तरा झटकन बाजूला घेतला. हात सवयीने खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला. बायकोपासून, गिऱ्हाइकांपासून त्यांनी तो वर्षभर लपवला होता. पोरालाही पत्ता नाही असं धरून चालले होते. पोरगा आपलं दुकान बळकावतोय म्हणून आतल्या आत कुढत होते. आता त्यांना लाज वाटली. आणि फार दिवसांनी हलकंही वाटलं.

त्यांनी वस्तरा मिटून त्याच्या हातात दिला.

"उरलेली तूच कर." मग म्हणाले, "आईला मी सांगतो."

"सेमिनरीचं?"

वडिलांनी तो थरथरता हात पोराच्या डोक्यावर ठेवला.

"दोन्ही."