उसवलेला खांदा

लोटूशेठच्या कापडदुकानाच्या दारात तो शर्ट तीन बाजारांपासून टांगलेला होता, आणि आज सुपडू शिंपी तो उतरवायला आला होता.

शर्ट सुपडूनंच शिवलेला. कापड रंभाबाई साळणीच्या मागावरचं, हातसुताचं. प्रभाकर मास्तरांनी विलायती शर्ट सोडून मोठ्या हौसेनं तो अंगात घातला, आणि पहिल्याच धुण्यात बाह्या मनगट सोडून चार बोटं वर चढल्या. शाळेतली पोरं हसली. मास्तर बिचारे नरम माणूस. लोटूशेठनं त्यांना मँचेस्टरचा नवा शर्ट फुकट दिला, हा ठेवून घेतला आणि खाली पाटी लावली: 'एका धुण्यातलं स्वदेशी.' असली हुशारी बाजाराला फार आवडते. सन तीसचा उन्हाळा होता. गावोगाव लोक विलायती कापडाला नावं ठेवत होते, आणि इथं बुधवारच्या बाजारात गिऱ्हाईक त्या पाटीखाली हसत हसत विलायतीच घेत होतं.

तेव्हापासून रंभाबाईचं हातभर कापड खपलं नव्हतं. आत्ताही ती समोरच्या ओट्यावर गाठोडं घेऊन बसली होती. पुढच्या बाजारी मागच विकायला काढते, असं ती सकाळी शेजारणीला सांगताना सुपडूनं ऐकलं होतं. त्यानंतर त्याला मशीनवर बसवेना.

त्यानं आकड्यावरून शर्ट काढला तसे लोटूशेठ गादीवरून हसले. "आओ सुपडूभाऊ! नेतो काय? ने, ने. तुही काय गलती? कापडच तसं, त्याले तू काय करशीन?"

तीन आठवडे सुपडू याच बोलण्याच्या आडोशाला बसला होता. तीस वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. शर्ट तंग झाला तर गिऱ्हाईक जाड झालेलं असायचं. कॉलर वाकडी बसली तर मान वाकडी असायची. सुईत दोरा ओवण्याआधी बापानं त्याला हेच शिकवलं होतं.

"कापडाची गलती नाही," सुपडू म्हणाला. मग रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "ऐका हो! कापडाची गलती नाही, माही हाय. हातमागाचं कोरं कापड रातभर पान्यात ठेवा लागते, वाळवा लागते, मंग कात्री लावा लागते. या रंभाबाईनं मले दोनदा सांगितलं. मी म्हटलं, ही मले शिंपीकाम शिकवते काय! तसंच बेतलं. कापड आटनारच होतं, ते आटलं. चुकलो मी."

शाहपूरहून आलेले दोघं हातातलं विलायती धोतर तसंच धरून उभे राहिले. एवढं बोलून सुपडूला आत कुठंतरी बरं वाटत होतं.

"चांगलं झालं बाबा, तूच सांगितलं," लोटूशेठ म्हणाले. "आता उद्यापासून तुह्याकडे शिवाले कोन येईन?"

"कोनी नाही आलं त माह्यासाठी शिवीन. आन हा शर्ट आजपासून मीच घालीन. चूक माही हाय, माह्याच अंगावर राहू द्या."

मास्तर काटकुळे आणि सुपडू चांगला गोलमटोल. शर्ट अंगात जाईना. एक बाही कशीबशी गेली. दुसरी घालताना त्यानं श्वास रोखून खांदा आत ढकलला, आणि टर्रकन आवाज झाला.

सगळे खो खो हसले. लोटूशेठ तर गादी सोडून दारात आले. "फाटलं! देखो, देखो! हे तुमचं स्वदेशी!"

रंभाबाई ओटा उतरून धावत आली. शर्टाच्या खांद्याला पडलेल्या भोकात तिनं बोटं घातली, दोन्ही कडा चाचपल्या, आणि लोटूशेठकडे न बघताच म्हणाली, "फाटलं नाही. माहं कापड साबूत हाय. टाके तुटले." मग उसवलेल्या दोऱ्याचं टोक तिनं चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "हे सूत माह्या घरचं नाही, दादा."

सुपडूनं ते टोक ओढलं. पांढराशुभ्र, चकचकीत दोरा तुकड्या-तुकड्यानं हातात आला. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि मग एकटाच मोठ्यानं हसला.

"शेठजी, हे रीळ तुमच्याच दुकानातलं. अस्सल विलायती म्हनून दिलं होतं तुमी."

त्यानं दोऱ्याचा गुंता रिकाम्या आकड्याला अडकवला. "घ्या. आता हे टांगा."

शाहपूरच्या दोघांतल्या एकानं धोतर हळूच परत थप्पीवर ठेवून दिलं.

सुपडू उघड्या खांद्यानं ओट्यापाशी आला. "बाई, पाच हात फाड. मास्तराले त्याहीचा शर्ट देनं हाय. आन शिवाले सूत बी तुहंच दे."

रंभाबाईनं गाठोडं सोडलं. कोपर ते बोटाच्या टोकापर्यंत पाच वेळा मापलं, वर चार बोटं जास्त धरली आणि कापड फाडलं. ते त्याच्या हातात देताना ती जरा थांबली. दोनदा सांगून झालं होतं. तरी म्हणाली, "दादा, भिजवजो पहिले."

"हो बाई, भिजवतो," सुपडू म्हणाला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.